रविवारची सुट्टी घालवून टीमवर्क शिकलो, बुधवारी मेमो आला

पाना_१७

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायला बसलोय कारण डोकं फिरलंय.

मी सांगलीत एका ट्रॅक्टर डीलरकडं सर्व्हिस सुपरवायझर आहे, नाव सांगत नाही. गेल्या रविवारी मालकांनी विश्रामबागेत हॉल घेतला, पुण्याहून मोटिव्हेशनल स्पीकर बोलावले. विषय टीमवर्क, मेहनत आणि कस्टमर सर्व्हिस. सेल्स, वर्कशॉप, स्टोअर, अकाउंट्स, वॉशिंगची पोरं, सगळे धरून चाळीसेक जण, आणि सगळ्यांची आठवड्याची एकुलती एक सुट्टी गेली. माणूस बोलायला भारी होता, खोटं कशाला बोलू. हसवलं, रडवलं, डोळे मिटून आईवडील आठवायला लावले, शेवटी सगळ्यांना उभं करून "ग्राहक कोण? देव!" असं तीनदा ओरडायला लावलं. जेवणात बासुंदी होती.

आता मंगळवारचं ऐका. तासगाव साइडचा एक द्राक्ष बागायतदार आला, छोटा ट्रॅक्टर, वॉरंटीतला, पीटीओचं, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या दांड्याचं, ऑइल सील गेलेलं आणि तेल भळाभळा गळतंय. ज्यांना बागेचं माहीत आहे त्यांना सांगायला नको, ऑक्टोबर छाटणी होऊन पंधरा-वीस दिवस झालेले, आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी दव, म्हणजे डावणीला, त्या बुरशीच्या रोगाला, आवतनच. फवारणीचा ब्लोअर पीटीओवर चालतो, पीटीओ बंद म्हणजे फवारणी बंद, आणि फवारणी एक दिवस जरी चुकली तरी घडावर गेलेलं परत येत नाही. सील स्टोअरमध्ये होतं, मी डोळ्यानं बघितलं, किंमत दोनशेच्या आत. पण वॉरंटीचा पार्ट म्हणून फोटो काढा, क्लेम टाका, कंपनीचं अप्रूव्हल येऊ दे, मग स्टोअरमधनं निघणार. विकत घेतो म्हणाला तर तेही नाही, वॉरंटीतल्या गाडीला विकत दिला की पुढं क्लेमची भानगड होते. तो माणूस काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा, भांडत पण नव्हता ओ, नुसता मोबाईलमध्ये पावसाचा अंदाज बघत होता.

आमच्यातला एक मेकॅनिक, वय पंचवीसच्या आत, तो संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर बाहेरच्या दुकानातनं त्याच मापाचं सील स्वतःच्या पैशानं घेऊन बाईकवर त्याच्या रानात गेला, मोबाईलच्या उजेडात बसवून रात्री साडेदहाला घरी आला. पहाटे फवारणी झाली. शेतकऱ्यानं खुशीत फोटो काढून कुठल्यातरी ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत मॅनेजरकडं आला आणि बुधवारी पोराला मेमो. वॉरंटीतल्या वाहनात बाहेरचा पार्ट वापरला, परवानगीशिवाय साइटवर गेला.

नियम म्हणून बघितलं तर मेमो चूक नाही, बाहेरचं सील फाटलं असतं तर कंपनी आमच्याच गळ्यात पडली असती. पण रविवारी ज्याला देव म्हणून ओरडलो तो मंगळवारी काउंटरला आला तेव्हा आमच्या हातात काय होतं? असल्या भाषणांचा तुमच्याकडं कुणाला खरंच उपयोग झालाय का? टिंगल म्हणून नाही, मनापासून विचारतोय.

कुपवाड_शिफ्ट_बी

गरुडाची गोष्ट सांगितली का रे भावा?

पाना_१७

सांगितली की. चाळीस वर्षांचा झाल्यावर डोंगरावर जातो, चोच आपटून मोडतो, नखं उपटतो, मग नवीन येतात आणि अजून तीस वर्षं जगतो. व्हिडिओ पण दाखवला.

कुपवाड_शिफ्ट_बी

आमच्याकडं तीन वर्षांत तीन वेगवेगळे सर आले, गरुड तिघांचा एकच. लय दमला असंल बिचारा.

रानवाटा_मिरज

अवांतर आहे पण राहवत नाही. ती गोष्ट धादांत खोटी आहे. गरुडाची चोच आयुष्यभर थोडी थोडी वाढत असते आणि वापरून झिजत असते, आपल्या नखासारखी. मुळापासून मोडली तर तो खाणार कशानं? उपाशी मरेल. पिसंही दरवर्षी थोडी थोडी गळून नवी येतात, त्यासाठी डोंगरावर जाऊन तपश्चर्या लागत नाही. आणि रानातला गरुड सत्तर वर्षं जगत नाही. पक्ष्यांविषयी बोलायचं तर निदान एकदा पक्षी बघायला या, कृष्णेच्या काठावर हिवाळ्यात सकाळी सातला उभं राहिलं तरी चालतं.

सातारी_तुरा

मी साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआरला आहे, म्हणजे इथं ज्यांना शिव्या पडणार त्यातली. थोडी दुसरी बाजू मांडते, मग खुशाल तुटून पडा.

पाना१७ दादा, तुमच्या मेकॅनिकचं वाचून वाईट वाटलं, पण एक सांगा, त्या पोराला संध्याकाळी बाईक काढावीशी वाटली त्यात रविवारच्या भाषणाचा काहीच वाटा नसेल का? कदाचित नसेलही. पण मी आमच्याकडं बघितलंय, शॉपफ्लोअरवरची माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी फक्त "पाना दे" आणि "चहा आला का" एवढंच बोलतात, आणि अशा एखाद्या दिवशी अकाउंट्सवाल्या मॅडम आणि वेल्डर एका टेबलावर जेवतात, त्यानंतर बिलाचं काम अडलं की वेल्डर डायरेक्ट मॅडमकडं जातो. हे छोटं नाही. त्यासाठी स्पीकरच लागतो असं नाही, कास पठाराला डबे घेऊन गेलो तेव्हाही हेच झालं होतं.

चूक कुठं होते ते पण सांगते. बजेट असतं, ते मार्चच्या आत संपवायचं असतं, मग कुणीतरी व्हिडिओ बघून म्हणतो ह्यांना बोलवा. कार्यक्रम संपला की फीडबॅक फॉर्म, जेवण कसं होतं, वक्ते कसे होते. सोमवारपासून काय बदलायचं हे विचारायचा रकानाच नसतो त्यात. मी गेल्या वर्षी तो एक रकाना घातला: "तुमचं काम कशामुळं अडतं ते एका ओळीत लिहा." नाव लिहायचं नाही. एवढ्या ओळी आल्या की मलाच घाम फुटला. निम्म्याहून जास्त एकाच सहीवर अडलेल्या, आणि ती सही वर्षभर माझ्याच डिपार्टमेंटकडं होती 😅

आणि सुट्टीच्या दिवशी ठेवू नका हो, हे मी साहेबांना दरवेळी सांगते. रविवारी बाईमाणसाचा अख्ख्या आठवड्याचा पसारा असतो घरी, तिला तुम्ही "कंपनी म्हणजे फॅमिली" सांगताय.

भडंगप्रेमी

बासुंदी होती हे वाचून मी स्पीकरच्या बाजूनं आहे.

निवृत्त_कॅशियर

मी बँकेत ३४ वर्षं काढली, शेवटची नऊ वाळवा तालुक्यातल्या एका शाखेत. ग्राहक देव वगैरे आमच्या भिंतीवरच होतं. महात्मा गांधींच्या फोटोसकट ती पाटी सगळ्यांनी पाहिलीय, ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत वगैरे. काही पाट्यांवर खाली १८९० सालचं दक्षिण आफ्रिकेतलं भाषण असंही छापलेलं असतं. आता १८९० साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते, आफ्रिकेत पाऊल ठेवलं १८९३ ला. हे मी एकदा रिजनल ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये उठून बोललो होतो, त्यानंतर मला ट्रेनिंगला बोलवायचं कमी झालं, तो फायदा.

पण खरी सेवा शिकलो ती आमच्या शिपायाकडून. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला पेन्शनरांची रांग लागते. अंगठ्याचं मशीन आलं तेव्हापासून एक नवीनच अडचण, रानात राबलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नसतात, मशीन घेतच नाही. एक आजी सलग दोन दिवस येऊन परत गेली. तिसऱ्या दिवशी शिपायानं तिला बाकावर बसवलं, चहाच्या भांड्यात कोमट पाणी आणलं, साबण लावून तिचा हात धुतला, स्वतःच्या टॉवेलनं पुसला, थोडं खोबरेल लावून परत पुसलं आणि एकेक बोट मशीनवर दाबून बघत बसला. अनामिकेला हिरवा दिवा लागला. आजी म्हणाली, "जित्ती हाय न्हवं मी?" सगळी रांग हसली. त्या शिपायाला आख्ख्या नोकरीत एकही ट्रेनिंग मिळालं नव्हतं.

माईकवाला

मी हेच काम करतो. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यात फिरतो. तुमच्याकडे आलेला मी नव्हे, पण गरुड मीही बराच काळ सांगितलाय, रानवाटा यांनी कान धरला ते बरं झालं.

आमची बाजू ऐका. मालकाचा फोन येतो, "सर, पोरांना जरा चार्ज करा." झालं, हेच ब्रीफ. मी विचारतो की तक्रारी कुठल्या प्रकारच्या येतात, कुणाला किती रुपयांपर्यंतचा निर्णय स्वतः घेता येतो, तर समोरून "ते राहू द्या सर, तुम्ही तुमचं नेहमीचं करा". मग मी नेहमीचं करतो. दोन तासांत लोक रडले तर मालक खूश, पुढचं काम मिळतं. रडले नाहीत आणि कागदपेन घेऊन वाद घालत बसले तर पाकीट मिळतं पण परत फोन येत नाही.

एक किस्सा. रिट्झ-कार्लटन या हॉटेल साखळीचं उदाहरण मी सांगायचो. तिथल्या साध्या कर्मचाऱ्यालाही पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी २००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते, साहेबाला विचारायचं नाही. एका ठिकाणी कार्यक्रमाआधी मालकांनी स्लाइड बघितल्या आणि म्हणाले, ही एवढी काढा, पोरांच्या डोक्यात नको ते शिरेल. मी काढली. पाना१७, तुमचा मंगळवार वाचल्यापासून ती स्लाइड डोळ्यापुढून हलत नाहीये.

कुपवाड_शिफ्ट_बी

माईकवाले सर, मान गये. पण पुढच्या टायमाला काढू नका की ओ.

मास्तर_विश्रामबाग

टीमवर्कवर थोडं मास्तरकीचं. माक्स रिंगेलमान नावाचा फ्रेंच शेतकी अभियंता होता, त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला, १९१३ साली ते छापून आलं. एकटा माणूस ओढतो तो जोर १०० धरला तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकाचा ९३ भरला, तिघांत ८५ आणि आठ जणांत ४९. म्हणजे आठ जण दोराला लागले की प्रत्येकाचा निम्मा जोर गायब. थोडा भाग ताल जुळत नाही म्हणून जातो, उरलेला "माझं कोण बघतंय" म्हणून.

पुढं १९७९ मध्ये अमेरिकेत लाताने नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच टाळ्या आणि ओरडण्यावर करून बघितलं, गट जेवढा मोठा तेवढी प्रत्येकाची टाळी आणि आरोळी बारीक. पुढच्या प्रयोगांत दिसलं की प्रत्येकाचं वेगळं मोजलं जातंय हे कळलं की माणूस पुन्हा जोर लावतो. आता सांगा, चाळीस जणांना उभं करून "देव!" असं ओरडायला लावलं तेव्हा तुम्ही स्वतः किती जोरात ओरडलात?

पाना_१७

मी ओठ हलवले मास्तर 😄

गणपतीपेठ_दुकानदार

मी मालक वर्गातला, त्यामुळं सांभाळून लिहितो.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलावर पाणी ४० फुटांवर गेलं की आम्ही इशारा पातळी म्हणतो, ४५ ला धोका. २००५ ला पेठेत पाणी बघितलेलं होतं, त्यामुळं त्या वेळचं पाणी जिथवर आलं होतं त्याच्यावर दोन हात माल चढवला की झालं अशी आमची सगळ्यांची समजूत. पाणी गेलं ५७ फुटांवर. दुकानात माझ्याकडं सहा माणसं. ज्या रात्री माल वर चढवत होतो त्या रात्री कोण सेल्समन, कोण हमाल, कोण हिशेबाचा, काही राहिलं नाही. जिन्यावर एकेक पायरी सोडून उभे राहिलो, पोतं हातातनं हातात. मी तिसऱ्या पायरीवर. माझा हिशेबनीस साठीचा, तो म्हणाला मालक तुम्ही मधी थांबू नका, तुमचा ताल बिघडतोय, खाली जाऊन बॅटरी धरा. गेलो खाली, बॅटरी धरली. दोघांची स्वतःची घरं त्याच रात्री पाण्याखाली चालली होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी सांगितलंच नाही.

पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर गाळ, भिजलेल्या हळदीला जो वास सुटतो तो ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत, आंबूस आणि मातकट, पुढं कित्येक दिवस कपड्यातनं जात नाही. दुकान महिनाभर बंद होतं. पगार दिला, पूर्ण. मोठेपणा म्हणून सांगत नाही, काही जण देऊ शकले नाहीत, त्यांचं सगळंच गेलं होतं. सांगतो एवढ्यासाठी की सहापैकी पाच माणसं आजही माझ्याकडं आहेत, सहावा वारला. पुढं २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मी फोन करायच्या आधी हिशेबनीस दुकानात हजर, आणि पोरांना पायऱ्या वाटून देत होता. मला म्हणाला तुमची बॅटरी.

कृष्णाकाठ

काका 🙏 २००५ ला हरिपूरची पेवं गेली ते आठवलं. जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद सुखानं राहायची, पाणी शिरलं आणि सगळं संपलं.

डबा_नको_जेवण_द्या

टीमवर्क म्हटलं की मुंबईचे डबेवाले येणारच, तुमच्या सरांनी पण आणले असतील. टोपी, सायकल, प्रिन्स चार्ल्स २००३ ला भेटले, टाळ्या. पण एक गोष्ट स्टेजवरनं कुणी सांगत नाही, तिथं गटातली मिळकत गटातच सारखी वाटून घेतात. डबा चुकला तर स्वतःच्या धंद्यातलं गिऱ्हाईक जातं. पगारी माणसाला उभं करून "डबेवाल्यासारखं वागा" म्हणायचं आणि इन्सेंटिव्ह मात्र फक्त सेल्सवाल्याला द्यायचा, हे कसं जमायचं ओ? आमच्याकडं गाडी विकणाऱ्याला बक्षीस आणि तीच गाडी पाच वर्षं चालती ठेवणाऱ्याला दिवाळीला सोनपापडी.

सातारी_तुरा

सोनपापडीवर नो कमेंट्स, खरेदी माझ्याच सहीनं होते.

माण_खटाव

मोटिव्हेशनसाठी पुण्याहून माणूस कशाला, आपल्याच मातीत बघा की. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्यात रयत शिक्षण संस्था काढली हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या आधी अण्णा फिरते विक्रेते होते हे किती जणांना माहीताय? ओगल्यांच्या काचकारखान्याचं काम केलं, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. आणि नांगर विकणं म्हणजे काय चेष्टा नव्हती, लोखंडाच्या नांगरानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे तो काळ. तिथं "आमचा माल एक नंबर" बोलून भागत नाही, शेतकऱ्याच्या रानात जाऊन त्याच्या बैलांना जुंपून तास काढून दाखवावा लागतो. गावोगाव फिरताना पोरं शाळेविना कशी राहतात हेही डोळ्यानं दिसत असणार, हा माझा अंदाज बरं का, पुरावा मागू नका.

रानवाटा_मिरज

माण_खटाव +१. अंदाज आहे हे सांगून अंदाज केलात, हे गरुडवाल्यांनी शिकावं.

कुपवाड_शिफ्ट_बी

पाना१७, मेमोचं काय झालं रं शेवटी? का पोरगं सोडून गेलं?

पाना_१७

तीन आठवडे झाले, उशिराबद्दल सॉरी, सीझन चालू आहे.

पोरगं आहे. हा धागा मी मालकांना दाखवला नाही, हिंमत झाली नाही, पण सातारी_तुरा ताईंची ती एक ओळीची आयडिया चोरली. वर्कशॉपच्या पोरांकडनं चिठ्ठ्या लिहून घेतल्या, काम कशानं अडतं. एकवीस आल्या, त्यातल्या तेरा स्टोअर आणि अप्रूव्हलच्या. एका चिठ्ठीवर नुसतं "पंखा" लिहिलेलं. त्या घेऊन मालकांकडं गेलो. आधी भडकले, म्हणाले एवढा खर्च करून माणूस आणला त्याचं हे फळ का. मी म्हटलं साहेब, त्यांनीच सांगितलं ग्राहक देव आहे, मग पुजाऱ्याकडं गाभाऱ्याची किल्ली नको का? हे वाक्य मी दोन रात्री पाठ केलं होतं 😀 हसले जरा.

ठरलं असं की पाचशे रुपयांपर्यंतचा वॉरंटीचा ओरिजिनल पार्ट सुपरवायझरच्या सहीनं लगेच निघणार, फोटो आणि क्लेम मागनं. महिनाभर ट्रायल. क्लेम नामंजूर झाला तर वर्कशॉपच्या खात्यावर. मेमो मागं घेतला नाही, फाइलला लावायचा नाही एवढंच कबूल केलं, आणि खरं सांगू का, बाहेरचा पार्ट लावू नको हे मीही पोराला सांगितलंय. त्या शेतकऱ्याचं सील आम्ही नंतर ओरिजिनल बदलून दिलं.

रजिस्टरमध्ये आतापर्यंत अकरा नोंदी आहेत. दोन क्लेम नामंजूर झाले, त्यातला एक माझीच चूक, फोटोत सिरीयल नंबर आला नव्हता. स्टोअरवाला माझ्याशी बोलत नाही, त्याचा स्टॉक जुळेना झालाय आणि त्याचंही बरोबरच आहे, कुणी पार्ट नेला की चिठ्ठी टाकायची विसरतात. सोमवारपासून काउंटरला दोरीनं पेन बांधलाय. पंखा अजून आलेला नाही.

गणपतीपेठ_दुकानदार

पंख्याचं मालकांना परत सांगा. आम्हाला एकदा सांगून कळत नाही.

सातारी_तुरा

आयडिया चोरली ते माफ. पण स्टोअरवाल्या दादांना चहा पाजा आधी.

भडंगप्रेमी

द्राक्षाची पेटी आली का नाही त्या पोराला?

पाना_१७

बाग अजून तयार कुठं झाली ओ. आणि यंदा बेदाणाच करणार म्हणाला तो.